काटेवालीचं शेवटी काय होतं

जिना चढून वर गेले तर दारातच एक शिंगं असलेला माणूस टेबल टाकून बसला होता. शिंगं चांगली हातभर लांब, पुठ्ठ्याची, वर चॉकलेटी रंग फासलेला. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, खुर्चीत सरळ झाला आणि म्हणाला, "वा! तीस पूर्ण आहेत ना? नियम आहे, प्रत्येकाला विचारावं लागतं."

"मला अठ्ठावन्नावं लागलंय," मी म्हणाले. "आणि तुम्हाला शिंगं आहेत."

तो खो खो हसला. मी विनोद केला नव्हता. त्याने माझ्या मनगटावर एक निळी कागदी पट्टी चिकटवली आणि हात जोडून आत जायला सांगितलं. मी कामाला आले होते, एका प्रश्नाचं उत्तर घ्यायचं आणि निघायचं, त्यामुळे जास्त न बोलता आत शिरले.

आधी हे सांगते की मी तिथे का कडमडले. माझा धाकटा भाऊ हॉस्पिटलमध्ये होता. हृदयाची एक झडप पार कामातून गेलेली. डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते की ऑपरेशन केलं तर माणूस उभा राहील, नाही केलं तर वर्ष निघणं कठीण. सोमवारी सकाळची वेळ आमच्यासाठी ठेवली होती. रविवारी संध्याकाळपर्यंत त्याने सही दिली नाही तर ती दुसऱ्या रोग्याला जाणार होती. आणि आमचा हा शहाणा सही करायला तयार नव्हता. आई-वडिलांमागे आम्ही दोघंच. मी बसडेपोच्या सुट्या भागांच्या गोदामात, तो नकाशे काढायच्या कचेरीत. त्याने लग्न केलं नाही, माझं झालं ते टिकलं नाही. तो गेला तर घरात मला भांडायलासुद्धा कोणी उरणार नव्हतं.

"तुला भीती वाटते का?" मी विचारलं होतं.

"भीतीचं नाही गं ताई," तो म्हणाला. नाकात नळी, त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा. "टेबलावरून उठलो नाही तर मला शेवट कधीच कळणार नाही."

"कसला शेवट?"

कसला म्हणजे त्या कार्टूनचा. कार्टून म्हटलं की तो चिडतो. "ताई, अ‍ॅनिमे." नऊ वर्षं तो ते जपानी प्रकरण बघतोय. दार लावून घेतो, कानात बोंडं घालतो आणि मध्येच एकटा रडतो. मी बाहेरून ओरडते, चहा निवतोय. आमचं त्या विषयावरचं बोलणं एवढंच. आता म्हणे त्याचा अखेरचा भाग एप्रिलमध्ये येणार होता. पण ते बघणाऱ्यांचं इथे एक मंडळ आहे, त्यातली एक बाई कंपनीसाठी सबटायटल लिहायचं काम करते. संवाद खाली अक्षरांत दिसतात ना, ते. तिने शेवट आधीच पाहिलाय. ती फोनवर सांगणार नाही, लिहून तर मुळीच देणार नाही. रविवारी त्यांचं कन्व्हेन्शन होतं, म्हणजे संमेलन, मोठ्या माणसांचं, पोरासोरांना बंदी. तिथे जाऊन समोरासमोर विचारलं तर कदाचित.

"शेवट घेऊन ये," तो म्हणाला. "मग सही करतो. आणि डेपोतून थेट जा हं, कपडे बदलत बसू नकोस. नाहीतर बंद होईल."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. गेले.

सभागृह कुठल्यातरी कामगार संघटनेचं होतं. पंखे जुने, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी, आणि त्या तसबिरींच्या खाली साठ-सत्तर माणसं अशा अवतारात की माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. एक मिशाळ गृहस्थ गुडघ्यापर्यंतचा निळा फ्रॉक घालून स्टेपलर शोधत होता. एका बाईच्या पाठीला पंख होते आणि ती ते सांभाळत आडवी आडवी चालत होती. कोपऱ्यात एका टेबलावर डिंक, टाचण्या, सुईदोरा आणि टोपाचे केस घेऊन एक माणूस बसला होता. कोणाचं काही निखळलं की त्याच्याकडे धाव. सगळी चाळिशी-पन्नाशीची माणसं. काहींच्या पोशाखातून पोट डोकावत होतं. आणि कोणालाच लाज वाटत नव्हती. मला मात्र सगळ्यांच्या वाटची लाज एकटीला वाटत होती.

मी तशी साध्या कपड्यांत होते. गोदामातला करडा कोट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कानामागे पेन्सिल. ड्यूटी संपली तशी निघाले होते. पण लोक वळून वळून माझ्याकडेच बघायला लागले. फ्रॉकवाला गृहस्थ पुढे आला, वाकला आणि अदबीने म्हणाला, "एक फोटो घेऊ का? परवानगी असेल तरच."

"कशाला?"

"अगदी तसंच!" तो मागे वळून ओरडला. "अरे ऐकलं का? कशाला म्हणाल्या! अगदी तसंच!"

चार-पाच जण गोळा झाले. मी कपाळाला आठ्या घातल्या तर त्यांना आणखी आनंद झाला. मी म्हणाले, "बाजूला व्हा, मला काम आहे," तर एकीने आपल्या छातीवर हात ठेवला. माझ्या किल्ल्या खऱ्या आहेत का, कोट कोणाकडून शिवला, असं विचारायला लागले. मी म्हणाले, कोट डेपोचा आहे, वर्षाला दोन मिळतात. यावर टाळी दिली एकमेकांना. आपण काही बोलावं आणि समोरच्याला दुसरंच काही ऐकू यावं, असं स्वप्नात होतं. मी स्वतःला चिमटा काढायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग मी सरळ मुद्द्यावर आले. भावाचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कोणी ओळखेना. आठ वर्षं हा दर महिन्याला इथे येतो म्हणतो आणि एकाला नाव ठाऊक नाही!  हा जातो कुठे मग? की मीच चुकीच्या जागी आले? पंखवाली म्हणाली, "इथे खरं नाव कोणी सांगत नाही. तीच तर मजा आहे. मी बँकेत आहे हेसुद्धा इथे कोणाला माहीत नाही." म्हणजे आता मला माहीत झालं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

इतक्यात मला भिंतीवरचा नकाशा दिसला. तसबिरींच्या मधल्या जागेत लावलेला, दारभर मोठा. एक नदी, तिच्यावर धुकं, काठाला धक्के, प्रत्येक धक्क्याला नाव. अक्षर बघताक्षणी ओळखलं. हा असाच लिहितो, किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा, शाईने, एकसारखं. खाली कोपऱ्यात सही होती: नाकतोडा.

"हा कोणी काढला?"

"नाकतोड्याने. आज अजून आला नाही. कधी चुकवत नाही खरं तर."

"नाकतोडा म्हणजे माझा भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फ्रॉकवाल्याने मला डोळा मारला. माझ्या वयाच्या बाईला. "अर्थात," तो म्हणाला. "तुमचाच भाऊ. तुम्ही त्यालाच शोधताय ना?"

"मी त्याला कशाला शोधू? तो कुठे आहे ते मला माहीत आहे. मला सबटायटलवाली पाहिजे."

"ती परीक्षक आहे. मंचावर बसलीय, स्पर्धा संपेपर्यंत उठणार नाही. पण तुम्ही मंचावर जाणारच ना? तिथेच भेटेल."

मला एवढंच कळलं की मंचावर गेलं की ती बाई भेटते. म्हणून त्यांनी कोटाला नंबराचा बिल्ला लावला तेव्हा मी लावू दिला. रांगेत उभी राहिले. पुढे एक जण अंगाला पुठ्ठ्याचं चिलखत बांधून उभा होता आणि त्याला बसता येत नव्हतं. मी विचारलं, हे सगळं कशासाठी? तो म्हणाला, तिसऱ्या पर्वातल्या वेढ्यासाठी. 

रांगेतच मला तुकड्या-तुकड्यांनी समजलं की ही सगळी त्या मालिकेतल्या पात्रांची सोंगं आहेत, आणि त्यात एक बाई आहे. धक्क्यावर प्रवाशांचं सामान तोलते, म्हणून तिला काटेवाली म्हणतात. करडा कोट, किल्ल्या, कानामागे पेन्सिल, आणि तोंडाने फाटकी. तिचा धाकटा भाऊ धुक्यातल्या बोटीने गेला तो परत आला नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल विचारते. आता गोदामात मीही नटबोल्ट वजनावर देते, काटा माझ्याही टेबलावर आहे. पण जगात अशा हजार बाया असतील. मी चिलखतवाल्याला म्हणाले की मी ती नाही. तो म्हणाला, "तीसुद्धा पहिल्या पर्वात असंच म्हणते." पालथ्या घड्यावर पाणी.

माझा नंबर आला. मंच म्हणजे चार लाकडी पेट्या जोडलेल्या, वर सतरंजी. परीक्षकांच्या टेबलाशी तिघं. मधली बाई बारीक चष्म्याची, साध्या साडीतली, समोर वही-पेन. त्या अख्ख्या खोलीत ती एकटी मला माणसात वाटली. पद्धत अशी होती की परीक्षक पात्राला प्रश्न विचारणार आणि पात्राने उत्तर द्यायचं.

"काटेवाली," चष्मेवाली म्हणाली, "कोणाला शोधतेस?"

"तुम्हीच का सबटायटलवाल्या?" मी माइकमध्ये म्हणाले. तो कुईं करून ओरडला. "मग मी तुम्हालाच शोधतेय. माझ्या भावाला शेवट काय होतो ते कळायला हवं. आजच्या आज."

टाळ्या पडल्या.

"त्याला श्वास पुरत नाही," मी म्हणाले. "दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकतो. रात्री उशाला तीन उश्या घेऊन बसून झोपतो. शेवट कळल्याशिवाय तो उठायचं नाव घेत नाही."

आणखी टाळ्या. मागे कोणीतरी शिट्टी मारली. पंखवाली डोळे पुसत होती. माझं डोकं फिरलं.

"टाळ्या काय वाजवताय! माणूस तिकडे खाटेवर पडलाय आणि तुम्हाला नाटकं सुचतायत? वयं काय तुमची? लाज नाही वाटत?"

आता सगळं सभागृह उभं राहिलं. पायांनी फरशी वाजवायला लागले. मी आयुष्यात इतकं खरं कधी बोलले नव्हते आणि इतकी दाद मला कोणी दिली नव्हती. मला काही समजेना. रडू आलं की हे आणखी वाजवतील म्हणून मी ते गिळलं.

चष्मेवाली टाळ्या वाजवत नव्हती. तिचं पेन हवेतच राहिलं होतं. नंतर तिने मला सांगितलं की काटेवालीचं मालिकेतलं प्रत्येक वाक्य तिच्याच हातचं आहे, आणि तीन उश्यांचं वाक्य त्यात नाही. ती जरा पुढे झुकली. "तुझ्या भावाची खूण काय?"

सगळ्यांना या प्रश्नाचं उत्तर पाठ असावं. समोरच्यांचे ओठ एकदम हलले, कानाविषयी काहीतरी.

"खूण कसली?" मी म्हणाले. "डाव्या अंगठ्याचं नख खातो. चव्वेचाळिसाव्या वर्षी. नकाशा काढताना जीभ बाहेर काढतो. तो तिकडे भिंतीवर लावलाय ना तुम्ही, तो त्याचाच आहे. पंधरा दिवस आमच्या जेवायच्या टेबलावर पसरला होता, मी मांडीवर ताट घेऊन जेवले. आणि सध्या त्याच्या नाकात नळी आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. दारातला शिंगवाला आत आला होता. त्याने हळूच शिंगं काढून हातात धरली.

"नाकतोडा?" तो म्हणाला. "आमचा नाकतोडा?"

मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे घडीच्या खुर्च्या आणि संघटनेचे जुने फलक ठेवले होते. कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची उघडली. शिंगवाला दातांचा डॉक्टर निघाला. तो झडपेबद्दल नीट प्रश्न विचारायला लागला आणि माझी उत्तरं ऐकून त्याचा चेहरा उतरत गेला. फ्रॉकवाला भिंतीला टेकून उभा होता. "मागच्या महिन्यात इथेच होता तो," तो सारखा म्हणत होता. "मी त्याला जिना चढताना चिडवलं. म्हातारा झालास म्हणालो."

"बोलला नाही तुम्हाला?"

"आजाराचं? अक्षर नाही. तुमच्याबद्दल बोलायचा. आमच्या घरी खरी काटेवाली आहे म्हणायचा. एकदा आणून दाखवतो, मग तुम्ही सगळे कोट काढून ठेवाल."

हे ऐकून मी उभीच राहिले. डेपोतून थेट जा, कपडे बदलत बसू नकोस. म्हणजे याने मला उत्तर आणायला पाठवलं होतं की मिरवायला? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच कुठेतरी इतकं बरं वाटलं की त्याचाही राग आला. नऊ वर्षं दार लावून हा त्या बाईला बघत होता, आणि मी बाहेरून चहा निवतोय म्हणून ओरडत होते. यातलं काय कशाला जोडायचं ते मला आजही धड सांगता येणार नाही.

मग सुरू झाला वाद. या मंडळाचा एकच धर्म आहे: ज्याने पाहिलं नाही त्याला पुढचं सांगायचं नाही. त्यापायी माणसं वाळीत टाकली आहेत म्हणे. दातांचा डॉक्टर म्हणाला, "सांगू नका. एप्रिलची वाट बघणं हेच औषध आहे त्याला. शेवट हातात दिला तर तो कशासाठी उठेल?"

"आणि नाही उठला तर?" फ्रॉकवाला कडाडला. "नऊ वर्षं बघितलंय त्याने. तसाच जाऊ द्यायचा?"

दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या, हीच पंचाईत. डॉक्टर बोलला की मला वाटायचं, खरंच, रिकाम्या हाताने जावं. फ्रॉकवाला बोलला की वाटायचं, चोरून का होईना, न्यावं. शेवटी मी म्हणाले, "तुमचा धर्म तुमच्यापाशी. माझ्या भावाची सही व्हायला हवी. तो म्हणाला शेवट आण, मी शेवट नेणार."

चष्मेवालीने सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

"मी सांगितलं हे कळलं तर माझी नोकरी जाईल," ती म्हणाली.

"मी कोणाला सांगणार? गोदामात बेअरिंगं आहेत, ती तोंड उघडत नाहीत."

ती हसली नाही. तिने सांगायला सुरुवात केली. मी मन लावून ऐकलं, देवाशपथ. पण कशाचा कशाला मेळ बसेना. बोट एक की दोन हे ठरेना. धुकं म्हणजे धुकं नव्हतं, गेलेला काळ होता. वल्हेवाला म्हातारा म्हणजे पहिल्या भागातला लहान मुलगाच, मोठा झालेला.

"मग लहान मुलगा कोण?"

"तोही तोच."

"दोघं एकाच बोटीत?"

"हो."

"आणि नदी?"

"उलटी वाहायला लागते. कारण घंटा त्यांनीच वाजवलेली असते, पहिल्या पर्वात, फक्त तेव्हा ती अजून ओतलेली नसते."

मी मान हलवली. गोदामात नवा पोऱ्या मला जसा मान हलवून दाखवतो, तशी.

"आणि काटेवाली?" मी विचारलं. आपलं सहज.

ती चष्मा काढून पदराने पुसायला लागली. "भाऊ परत येतो," ती म्हणाली. "सुखरूप. धक्क्यावर उतरतो. पण काटेवाली नसते."

"नसते म्हणजे? बाहेर गेलेली असते?"

"नाही हो ताई. नसते. तिचा कोट खुंटीला असतो. तो कोट अंगात घालून भाऊ काट्यापाशी बसतो. संपतं."

खोलीच्या बाहेर कोणीतरी खोकत होतं. मी उठले, तिचा हात धरला, सोडला, आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

दातांच्या डॉक्टरने मला गाडीने हॉस्पिटलला सोडलं. मागच्या सीटवर शिंगं होती, वळणावर ती इकडून तिकडे घरंगळत. वाटेत त्याने एकदाही विचारलं नाही की ती काय म्हणाली. फक्त उतरताना म्हणाला, "त्याला सांगा, त्याचा नकाशा आम्ही काढत नाही भिंतीवरून."

भाऊ उशांना टेकून बसला होता. मला बघताच त्याचे डोळे कोटाकडे गेले आणि तोंडावर असं हसू आलं की मी तिथेच त्याच्या थोबाडीत द्यायची. द्यायचं राहिलं, कारण ओठ निळसर दिसत होते.

"मिळाला?"

"मिळाला. पण आधी सही."

"आधी शेवट."

मी खुर्ची ओढली. म्हणाले, ऐक. दोन बोटी असतात. एका बोटीत म्हातारा, दुसरीत तोच म्हातारा लहानपणीचा...

"दोन बोटी नाहीतच ताई त्यात. बोट एकच आहे."

"बरं, एक. मग नदी उलटी वाहते. कारण ती घंटा त्यांनी नंतर ओतलेली असते पण आधी वाजवलेली असते."

"कोणती घंटा? देवळाच्या टेकडीवरची की बुडालेली?"

"मला काय माहीत कोणती? घंटा. एकच असेल."

"दोन आहेत! दुसऱ्या पर्वात अख्खा भाग त्यावर आहे!" तो पुढे सरकला. बाजूच्या यंत्रावरचे आकडे चढले. "आणि नदी उलटी वाहिली तर खालचे धक्के कोरडे पडतील. मग नावाडी गावात शिरणार कसे? मी नकाशा काढलाय, मला ठाऊक आहे उतार कुठे आहे ते. असं होऊच शकत नाही."

"तिने असंच सांगितलं."

"तिने असं सांगितलेलं नाही. तू असं ऐकलंस." त्याने कपाळाला हात लावला. "मोटारीचे भाग बिनचूक ठेवतेस आणि एक गोष्ट धड आणता आली नाही! सगळा विचका केलास. आता मी काय करू हे घेऊन?"

मला वाईट वाटायला हवं होतं. पण कित्येक आठवड्यांत तो इतका चिडला नव्हता. गाल जरा लालसर झाले होते. 

"बरं, ते जाऊ दे," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला आणि तो माझ्याकडे न बघता चादरीची शिवण चाचपायला लागला. "काटेवालीचं काय होतं शेवटी?"

दिवसभरात मला एवढीच एक गोष्ट नीट कळली होती. ती तशीच्या तशी, शब्दाला शब्द, मला सांगता आली असती.

"ते मला काही कळलं नाही बाबा," मी म्हणाले.

"कळलं नाही? मुख्य तेच तर आहे! तिला भाऊ भेटतो की नाही?"

"कुणी म्हणालं भेटतो, कुणी काय म्हणालं. माझं डोकं चालेनासं झालं होतं. धुकं होतं ना तिथे."

त्याने डोळे मिटले, दोन-तीन श्वास ओढून घेतले आणि मग हाक मारली, "सिस्टर! तो कागद आणा जरा. आणि पेन." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एप्रिलपर्यंत थांबावं लागणार, दुसरा इलाज नाही. तू माझ्या शेजारी बसून बघायचं. शेवटपर्यंत. एकेक गोष्ट मी तुला समजावून सांगतो."

"बसेन," मी म्हणाले.

सिस्टरने कागद आणला. त्याने सही केली, नकाशावर करतो तशी, सावकाश, जीभ किंचित बाहेर काढून. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी धास्ती बसली, उद्या सकाळची आणि एप्रिलची, दोन्हींची. तो अजून पुटपुटत होता, दोन घंटा आहेत, एक नाही, एवढं साधं कसं कळत नाही तुला. मी म्हटलं, हो रे बाबा, मला काही कळत नाही, आता जरा पडून राहा.